नाल्यात पावडर टाकून पंचगंगा स्वच्छ होत नाही

'एसटीपीवर कोट्यवधी कशाला? तिथं नुसता क्लोरीन टाकून पाणी नदीत सोडतात. त्यापेक्षा जयंती नाल्यात जिवाणूंची पावडर टाका, विजेशिवाय पाणी नितळ होईल. नदीला फेस आला की समजा केमिकल सोडलंय. आणि पावसाळ्यात तर प्लांट मुद्दाम बंद ठेवतात.' कोल्हापुरातल्या एसटीपीबद्दल, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटबद्दल, हा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. नदीची काळजी असलेली माणसंच तो पुढं पाठवतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

'नुसता क्लोरीन टाकतात'

क्लोरीन ही शेवटची पायरी आहे. जयंती नाल्याचं पाणी उपसून कसबा बावड्याच्या 76 एमएलडी (दिवसाला 7.6 कोटी लिटर) क्षमतेच्या प्लांटला जातं. आधी जाळ्यांवर चिंध्या, प्लास्टिक, निर्माल्य अडतं. मग ग्रिट चेंबरमध्ये वाळू बसते. ती पुढं गेली तर पंपाचे इंपेलर, म्हणजे आतली फिरती पाती, झिजतात. त्यानंतर टाकीत जिवाणूंसाठी हवा देणं, गाळ बसवणं आणि वरच्या निवळ पाण्याला क्लोरीन. मैलापाण्यात थेट ओतलेला क्लोरीन अमोनिया आणि घाणीतच खर्ची पडतो, जंतूंपर्यंत पुरेसा पोचत नाही.

'पावडर टाका, वीज नको'

सगळ्यात घातक मुद्दा हाच. मैलापाण्यात जिवाणू मुळातच भरपूर असतात. कमी पडतो तो ऑक्सिजन. हिशोब बघा: 1 एमएलडी म्हणजे दिवसाला 10 लाख लिटर. बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे 200 मिलिग्रॅम धरला, तर 200 किलो ऑक्सिजन लागतो. 25 अंशाला स्वच्छ पाण्यातसुद्धा लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे सगळे मिळून 8 किलो. उरलेले 192 किलो पावडर कुठून आणणार? त्यासाठीच ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारी विजेवरची यंत्रं, असतात. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम राखावा लागतो. ब्लोअर काही तास बंद पडले की तपकिरी गाळ काळा पडतो, सडक्या अंड्यांचा वास सुटतो.

शिवाय नाला वाहता आहे. टाकलेले जिवाणू पाण्याबरोबर निघून जातात. प्लांटमध्ये जिवाणूंचा गाळ टाकीतच राखतात, फक्त जास्तीचा काढतात. तो किती राखायचा, याची चाचणी साधी आहे. टाकीतलं पाणी 1 लिटरच्या मोजपात्रात 30 मिनिटं स्थिर ठेवायचं. गाळ 200 ते 300 मिलीच्या रेषेवर बसला आणि वर निवळ पाणी राहिलं, तर ठीक. 800 वरच तरंगत राहिला, तर गाळ फार साचलाय किंवा तंतुमय जिवाणू माजलेत. वेळीच लक्ष दिलं नाही तर तोच गाळ नदीत जातो.

'फेस म्हणजे केमिकल'

दरवेळी नाही. हलका पांढरा फेस बहुधा साबणाचा. प्लांटच्या टाकीवर घट्ट तपकिरी साय धरली, तर तेलावर पोसणारे तंतुमय जिवाणू वाढलेत. मिसळ-रश्श्याच्या हॉटेलांचं तेलकट धोवण ग्रीस ट्रॅपशिवाय (तेल अडवणाऱ्या छोट्या टाकीशिवाय) गटारात सोडलं तर हे होणारच. ट्रॅप बसवून न उपसणं म्हणजे न बसवल्यासारखंच.

पाणी नितळ दिसलं म्हणजे पिण्यालायक झालं, असंही नाही. प्लांटमध्ये शुद्ध केलेलं पाणी बागेला, बांधकामाला चालतं.

'पावसाळ्यात मुद्दाम बंद ठेवतात'

2019 आणि 2021 सारख्या महापुरात पंचगंगेची फूग, म्हणजे नदीचं उलटं येणारं पाणी, नाल्यात शिरते. उपसा केंद्रात पाणी आलं की मोटारी बंद कराव्याच लागतात. पण कोरड्या दिवसांत काळं पाणी थेट नदीत जाताना दिसलं, तर तक्रार जरूर करा. त्या दिवशी किती पंप चालू होते, राखीव पंप का लावला नाही, वीज गेल्यावर जनरेटर कधी सुरू झाला, हे लॉगबुक मागून तपासा.