थडग्यांवरची सालं आणि मिस्टर बीनचं कुलूप

"स्मशानात जाऊन खेळायचं? काही रीतभात?" मन्या भडकला होता. ठाण्यात मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर शनिवारी निमित्त होतं सागरचं. लीड्सला कामानिमित्त राहिला होता, तेव्हा तिथल्या एका चर्चच्या दफनभूमीत तो जिओकॅश शोधत फिरला.

खेळ साधा आहे. कुणीतरी डबी लपवतं, अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. आपण शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होती तिथेच ठेवायची. अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० ला काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये पहिली बादली लपवली गेली.

सागरने शोधलेली डबी मिस्टर बीनवर बेतलेली. बीनच्या पोपटी मिनीच्या दाराला बाहेरून कुलूप असतं ना, तसं डबीला आकड्यांचं कुलूप, आणि आकडे थडग्यांवरच्या सालांतून जुळवायचे. डबी मात्र भिंतीबाहेर, झाडाच्या बुंध्याशी.

"दगडावरचं शेवाळ खरवडायचं नाही, ही अट होती," सागर म्हणाला. "मोबाइलचा टॉर्च दगडाला चिकटवून आडवा धरला, तेव्हा सावलीत कळलं की तो तीन नाही, आठ आहे. त्या बाईचं नाव किती वर्षांनी कुणी वाचलं असेल, सांग!"

"नाव वाच की. त्यात विनोदी माणूस कशाला आणायचा?"

इथे मी सागरच्या बाजूने बोललो. १९९० च्या पहिल्याच भागात बीन चर्चमध्ये बसून झोप आवरायची धडपड करतो, आणि त्यावर अख्खं इंग्लंड हसलं. हसण्याने मेलेल्यांचा अपमान होत नाही. थडग्यावर पाय देण्याने होतो, न विचारता आत शिरण्याने होतो.

डॉम इतका वेळ गप्प होता. त्याची आजी इथेच ठाण्यात पुरलेली. "आमच्याकडे हे चालायचंच नाही," तो म्हणाला. "जागा कुठाय? काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडतात, हाडं भिंतीतल्या कप्प्यात जातात. आज वाचलेलं साल उद्या त्या जागी नसेल. आणि २ नोव्हेंबरला घरचे लोक मेणबत्त्या, झेंडू घेऊन बसलेले असतात. त्यांच्यामधून कुणी फोन रोखून फिरलं तर मीच हाकलेन."

सागरकडे याला उत्तर नव्हतं. मन्याने आणखी एक मुद्दा काढला, आणि तो खरंच वजनाचा होता: स्टेशनावर रोज ऐकतो, बेवारस वस्तूला हात लावू नका. ठाण्यात भिंतीच्या फटीत डबी सापडली तर आधी पोलीस येतील. तिकडेही हे झालंय. २०११ मध्ये वेदरबीत, म्हणजे लीड्सच्या जवळच, लष्कराच्या बॉम्बपथकाने अशीच एक डबी उडवली होती.

"मग फादरना विचारू," डॉम म्हणाला. "डबी ऑफिसात, टेबलावर. आकडे चर्चच्या दर्शनी भिंतीवरच्या पाट्यांमधून घ्यायचे, त्या कुठे जात नाहीत. जुळवून आलेल्याने डबी मागून घ्यायची. कुलपाला माझी हरकत नाही."

"टेबलावरची डबी शोधायची काय?" सागर उसळला.

पाट्या वाचायच्या, साल जुळवायचं, कुलूप उघडायचं; शोध त्यातच झाला की. सागरला हे अजून पटलेलं नाही. मी डॉमबरोबर रविवारी फादरना भेटायला जाणार आहे.