भाडं ठरवलंत, आता येणार का तेही ठरवा!

काल संध्याकाळी अंधेरी स्टेशनबाहेर आईला घेऊन 40 मिनिटं उभी होते. डॉक्टरांनी डोळ्यांत ड्रॉप्स घातलेले, तिला समोरचं धड दिसत नव्हतं. घर दीड किलोमीटरवर. अकरा रिक्षावाल्यांना विचारलं, मोजून अकरा. एकाला गॅस भरायचा होता, एकाने नुसती मान हलवली, एकाची म्हणे शिफ्ट संपली होती. शिफ्ट संपलेला तो महाभाग दहा पावलं पुढे जाऊन थांबला आणि विमानतळाचं भाडं घेऊन गेला!

आणि दर दोन-चार वर्षांनी रिक्षा-टॅक्सीचं भाडं ठरवायला सरकारची समिती बसते. 2012 मध्ये हकीम समिती. तिच्या भाड्याच्या सूत्रावरून ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना कोर्टात गेली. मग 2016 मध्ये खटुआ समिती, तिचा अहवाल 2017 मध्ये. गाडीची किंमत, इंधन, विमा, देखभाल, महागाई, चालकाचं पोट, सगळ्याचा हिशोब मांडून सूत्र तयार. पोटाचा हिशोब करायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच अहवालात लांबच्या प्रवासाला किलोमीटरमागे कमी दर, दुपारच्या रिकाम्या वेळात सवलत असंही सुचवलेलं होतं. दुपारची सवलत तुम्हाला कधी मिळालीय? मला तरी नाही. भाडं मात्र वाढत गेलं. मार्च 2021 मध्ये रिक्षाचं किमान भाडं 21 रुपये, ऑक्टोबर 2022 मध्ये 23, फेब्रुवारी 2025 पासून 26. टॅक्सीचं 31. द्यायला आम्ही तयार आहोत हो, पण घ्यायला कुणी थांबेल तर ना!

भाडं नाकारल्याची शिक्षा ऐका. 1988च्या मोटार वाहन कायद्यातलं 178वं कलम. परवानाधारक रिक्षावाल्याने भाडं नाकारलं तर दंड किती? 50 रुपयांपर्यंत. दोन किमान भाड्यांपेक्षाही कमी! 2019 मध्ये कायदा दुरुस्त करताना टॅक्सीसाठीचा आकडा 200 वरून 500 केला, रिक्षाचे 50 तसेच. तीस वर्षांत त्या ओळीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही की काय?

अ‍ॅपवर बुक करा म्हणणारे शहाणे भेटतातच. केलं बुक. फोन आला, ‘ड्रॉप किधर है?’ सांगितलं. मग गाडीचं चिन्ह नकाशावर जागच्या जागी. पाच मिनिटांनी, ‘मॅडम, आप कॅन्सल कर दो.’ मी का करू? तर जुलै 2025 मध्ये केंद्राने सूचना काढल्यात, चालकाने विनाकारण फेरी रद्द केली तर भाड्याच्या 10 टक्के दंड, जास्तीत जास्त 100 रुपये. म्हणजे माझ्या चाळीस रुपयांच्या फेरीला चार रुपये. तेवढेही जाऊ नयेत म्हणून रद्द मी करायची.

नवी परमिटं 1997 पासून बंद होती, ती 2017 मध्ये खुली झाली. वीस वर्षं परमिट म्हणजे जणू गावाकडची जमीन: एकाच्या नावावर, चालवणारा दुसराच, आणि मालकाला शिफ्टचे पैसे मोजून उरेल ते त्याचं. असा माणूस 26 रुपयांसाठी ट्रॅफिकमध्ये अडकायला नाखूश असणार, हे मला कळतं. (आमच्या बिल्डिंगमधलेच एक काका वर्षानुवर्षं अशी भाड्याची रिक्षा चालवत होते.) पण परमिटं सुटली की रिक्षा वाढतील, चढाओढ होईल, नखरे संपतील, असं ऐकलं होतं. रिक्षा वाढल्या. स्टेशनबाहेर चालायला जागा उरली नाही इतक्या वाढल्या. नखरे जिथल्या तिथे, कारण जवळचं भाडं सगळ्यांनाच नकोय. सूत्रात पन्नास गोष्टी मोजता, मग दिवसाला किती जणांना नाही म्हटलं तेही मोजा की!

शेवटी चालतच आलो. आई माझा हात धरून, खड्डा आला की विचारत, ‘पायरी आहे का गं?’

गुरुवारी परत डॉक्टर आहेत. चारची वेळ आहे, आणि आई आत्तापासून विचारतेय, अडीचला निघायचं का.