यादी अर्धीच आहे
लेखात अमेरिकेतल्या एका ग्रामीण काउंटीत कोणत्या शेतकऱ्याला किती सरकारी अनुदान मिळालं याची यादी आहे, आणि इथे प्रतिक्रियांत सगळे पहिल्या दहा नावांवर तुटून पडलेत. अहो, नियम काय त्यांनी लिहिले? शिवाय ही यादी अर्धीच आहे. पीकविम्याच्या हप्त्यातला सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास वाटा तिथलं केंद्र सरकार भरतं. त्या मदतीला माणशी मर्यादा नाही, आणि ती कोणाला किती गेली हे नावानिशी जाहीरही होत नाही. थेट रकमांना मर्यादा आहे म्हणा. २०१८च्या कृषी कायद्यात ती माणशी सव्वा लाख डॉलर होती. पण त्याच कायद्याने चुलत-मावस भावंडं, पुतणे, भाचे यांनाही ‘कुटुंबा’त बसवलं. मग काय, शेत एक आणि हिस्सेदार डझनभर, प्रत्येकाची मर्यादा वेगळी!

मला जास्त खटकतं ते वेगळंच. मका, सोयाबीन, गहू यांची भावाशी जोडलेली मदत यंदा काय पेरलं यावर नाही, तर ‘बेस एकरां’वर, म्हणजे त्या जमिनीवरच्या पेरणीच्या जुन्या नोंदींवरून ठरलेल्या एकरांवर मिळते. म्हणजे नव्याने शेतीत उतरलेल्याकडे ते एकर नसतील तर तो बाहेर. भाजीपाल्याला तर ही योजना लागूच नाही.