आधी घर बांधा, नकाशा मागून येईल

राजेहो, नागपुरात राहता, खात्यात चार पैसे पडलेले आहेत आणि अजून प्लॉट घेतला नाही? काऊन? कागदपत्रं तपासत बसलात म्हणून. असलं काही करू नका, कागद पाहणाऱ्याला या शहरात आजवर प्लॉट मिळालेला नाही.

रविवारी सकाळी मानेवाडा चौकातून फुकटची बस सुटते, त्यात बसायचं. साइटवर मांडव असतो, तर्री-पोहे असतात आणि फ्लेक्सवर लेआउटचा रंगीत नकाशा. खाली जमिनीवर फक्कीनं मारलेल्या रेषा, कोपऱ्याला सिमेंटचे खुंट, आणि एक पोरगा सांगत असतो की भाऊ हा तीस फुटी रोड, हे गार्डन. गार्डन फ्लेक्सवर हिरवं दाखवलेलं असतं आणि पुढची वीस वर्षं ते हिरवंच राहतं, गाजरगवत कधी वाळत नाही. हिशोब मात्र मनात करू नका. एकर म्हणजे 43560 स्क्वेअर फूट, पंधराशेचे प्लॉट पाडले तर 29 बसतात, पण रस्ता आणि गार्डन सोडलं नाही तरच. त्यानं 28 विकले असतील तर तुम्ही रोडवर आहात का गार्डनमध्ये, हे विचारून पोह्यांची चव घालवायची कशाला.

कोणी शहाणा म्हणेल सातबारा काढ. काढा की, ऑनलाइन निघतो. गाव नमुना 7 मध्ये मालक कोण ते असतं आणि 12 मध्ये पीक कोणतं ते, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये सोफा असेल तिथं सरकारदप्तरी तूर उभी आहे. 1966 च्या महसूल संहितेत एनए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायची, वगैरे भानगड आहे म्हणतात, पण मांडवातला पोरगा म्हणतो ना 'एनए प्रोसेसमध्ये आहे', मग झालं. प्रोसेस ही आपल्याकडे कायमस्वरूपी अवस्था आहे.

रजिस्ट्री लागली की पेढे वाटायचे. 1908 च्या नोंदणी कायद्यात दस्ताची नोंद होते, विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी याची हमी कोणी देत नाही, ही गोष्ट घरी सांगू नका, सासरे घाबरतात. पुढे फेरफार होतो, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, नाव बदललंय, टेबल तेच आहे) नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीचे, मग सातबाऱ्यावर नाव चढतं. त्यावर कोर्ट म्हणतं की फेरफार हा महसूल वसुलीपुरता, त्यानं मालकी ठरत नाही. एकंदरीत तुम्ही मालक आहात असा सरकारचा एक अंदाज असतो, तो चुकीचा आहे हे कोणी सिद्ध करेपर्यंत चालतो.

माझ्या मामानं असाच एका गृहनिर्माण संस्थेकडून कॉर्नर प्लॉट घेतला, तोच प्लॉट संस्थेनं अजून एकाला दिला होता. दोघांकडे रजिस्ट्री, दोघांकडे टॅक्सच्या पावत्या, कुंपणाची तार एकाची आणि खांब दुसऱ्याचे. कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच बाकावर बसतात. मागच्या खेपेला मामीची भरली वांगी त्यांनी वाटून खाल्ली, आता एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जातात. सरळ प्लॉट मिळाला असता तर एवढा जिव्हाळ्याचा माणूस कुठून मिळाला असता?

मोजणी टाका म्हणाल, तर रोव्हर आलाय, सॅटेलाइटवरून मोजतो, पण शेजारी सॅटेलाइटला मानत नाही.

आणि अनधिकृत निघालं तर टेन्शन घेऊ नका बे! गुंठेवारीचा कायदा 2001 चा, 1 जानेवारी 2001 पर्यंतचेच प्लॉट नियमित करू, त्यापुढं एकही नाही असा दम होता. 2021 मध्ये तीच तारीख सरकून 31 डिसेंबर 2020 झाली. आमच्याकडे 1900 लेआउट, 572 लेआउट असे लेआउट गठ्ठ्यानं मोजतात, त्यात आपला एक. डिमांडचे पैसे भरायचे, आरएल म्हणजे नियमित झाल्याचं पत्र घ्यायचं. जो बावळट आधी मंजुरी मागत बसला तो अजून भाड्याच्या घरात आहे.

शहराबाहेर 719 गावांच्या नियोजनासाठी 2017 मध्ये प्राधिकरण झालं. त्यांचा डीपी, म्हणजे विकास आराखड्यातला रोड उद्या तुमच्या किचनवरून जाऊ शकतो, म्हणून ओपन स्पेसवर आधीच एक ओटा बांधून शेंदूर लावलेला दगड ठेवा, रोड आपोआप वळतो. झुडपी जंगलाचं जरा बघा मात्र. कागदावर जंगल, जागेवर वस्ती, असं विदर्भात लय ठिकाणी आहे आणि 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं त्या जमिनी वनच धरायच्या म्हटलंय, तेव्हा घरामागं बिबट्या दिसला तर तो कायदेशीर आहे.

राहिला नाला. फ्लेक्सवर तो नसतोच, त्या जागी कॉर्नर प्लॉट असतात आणि रेट जास्त असतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, ते काही सातबारा पाहून आलं नव्हतं, त्याला आपली जुनी वहिवाट पाठ होती. अंबाझरी लेआउटमधल्या लोकांनी फ्रीज गच्चीवर वाळवले.

तर रविवारी साडेनऊला बस आहे. गमबूट आणू नका, पावसाळ्यात साइट दाखवत नाहीत.