परसदार नसलेली घरे

नाशिकला गंगापूर रोडवरच्या ज्या सोसायटीत माझी आई आणि दादा राहतात, तिथे या डिसेंबरात दोन ठरावांवरून बराच वाद झाला. पहिला ठराव जिन्यातली आग विझवण्याच्या पाण्याच्या नळीची बंद पडलेली रीळ आणि तिचा पंप दुरुस्त करण्याचा होता. दुसरा, प्रत्येक बिऱ्हाडाने बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलमध्ये आतून उघडणारी एक झडप करून घेण्याचा. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे होते की आपली घरे सिमेंट-विटांची आहेत, ती अमेरिकेतल्या लाकडी घरांसारखी पेटत नाहीत. ग्रिल उघडे ठेवले तर चोरांचे फावेल. आणि वेळ आलीच तर बंब आहेच. दादाने हे सगळे मला फोनवर सविस्तर सांगितले, कारण दुसऱ्या ठरावाचे मूळ आमच्या गेल्या वर्षीच्या नाताळच्या सुट्टीत होते.

गेली चौदा वर्षे मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. इथल्या शाळांत ऑक्टोबरमध्ये आग प्रतिबंधक सप्ताह पाळतात. 1871 च्या ऑक्टोबरात शिकागो शहर जळाले, त्या आठवणीशी तो जोडलेला आहे. मुलांना घरी एक काम दिले जाते: आपल्या घराचा नकाशा काढायचा, प्रत्येक खोलीतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा दाखवायच्या आणि बाहेर पडल्यावर सर्वांनी कुठे जमायचे ते ठरवायचे. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने नाशिकला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आजीच्या घराचा असा नकाशा काढायला घेतला. मुख्य दाराकडे तिने बाण काढला, मग ती बाल्कनीत गेली आणि ग्रिलचे कुलूप पाहून आजीकडे किल्ली मागू लागली. किल्ली कपाटात नव्हती, देवघराच्या खणात नव्हती, दादाच्या जुडग्यातही नव्हती. संध्याकाळी ती शिवणयंत्राच्या खणात सापडली, पण गंजलेल्या कुलपात फिरेना. मुलीने नकाशावर एकच बाण ठेवला आणि कागद आजीच्या फ्रिजवर लावून टाकला.

सिमेंटच्या घरांचा मुद्दा मी हलका मानत नाही, कारण त्यात तथ्य आहे. इथली, म्हणजे अमेरिकेतली, बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात आणि भिंतीच्या पोकळीत शिरलेली आग छपरापर्यंत जाऊ शकते. डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत घर गरम ठेवण्याच्या साधनांमुळे लागणाऱ्या आगी सर्वांत जास्त असतात, नाताळात मेणबत्त्यांची आणि वाळलेल्या झाडांची भर पडते, आणि थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरातल्या मेजवानीच्या सणाचा, दिवस तर स्वयंपाकघरातल्या आगींचा वर्षातला सर्वांत वाईट दिवस मानला जातो. तेव्हा आमच्याकडे सगळे आलबेल आहे आणि नाशिककरांनी ते शिकावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच की भिंत पेटत नसली तरी घरातला सोफा, गादी, पडदे, फोमच्या उशा आणि प्लास्टिक पेटते, आणि माणूस बहुधा ज्वाळेने नव्हे, तर त्यातून निघणाऱ्या धुराने जातो.

9 जानेवारी 2022 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका 19 मजली इमारतीत जे घडले, ते आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचे होते. थंडीसाठी शयनगृहात चालू ठेवलेल्या विजेच्या हीटरने पेट घेतला. आग त्या घरात आणि बाहेरच्या व्हरांड्यातच राहिली, इमारत उभीच राहिली. पण घाईने बाहेर पडलेल्या कुटुंबाच्या मागे दार आपोआप बंद व्हायला हवे होते, ते झाले नाही, आणि त्या उघड्या दारातून धूर जिन्याने वरपर्यंत चढला. 17 माणसे गेली, त्यांत 8 मुले होती. जळालेल्या घरापासून कितीतरी मजले वर राहणारी माणसेही त्यांत होती. धोक्याची घंटा तिथे एरवीही वारंवार विनाकारण वाजत असे, म्हणून त्या सकाळी ती ऐकूनही अनेकांना ती खरी वाटली नाही. आपल्या सोसायटीचा जिना डोळ्यांसमोर आणून हा प्रसंग पुन्हा वाचावा, अशी माझी विरोध करणाऱ्या सभासदांना विनंती आहे. आग लागलेल्या घरातून निघताना दार ओढून घेणे याला एक पैसाही लागत नाही.

आईच्या खोलीतही असाच हीटर आहे. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री कशा असतात ते मी जाणते. निफाडकडे पारा इतका उतरतो की द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईने हीटर लावू नये, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण तो हीटर 2000 वॅटचा होता, म्हणजे आपल्या 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर जवळजवळ नऊ अँपिअर ओढणारा, आणि तो लावलेला होता 6 अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर, ज्यात मोबाइलचा चार्जरही होता. मी बोर्डाला हात लावला तेव्हा तो तापलेला होता आणि प्लगच्या एका पिनेभोवती प्लास्टिक पिवळे पडले होते. समोर, वीतभर अंतरावर, खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातलेला. त्याच संध्याकाळी वायरमनला बोलावून भिंतीत 16 अँपिअरचा पॉइंट काढून घेतला आणि हीटरपासून तीन फुटांच्या आत पलंग, पडदा, गोधडी काहीही येणार नाही अशी खोलीची मांडणी बदलली. झोपण्यापूर्वी हीटर बंद करायचा, हे आईने आपणहून मान्य केले. ती म्हणाली, "अगं, तुझी आजी निजण्याआधी चुलीतले निखारे राखेखाली झाकायची आणि मगच दिवा मालवायची. हे काही नवं नाही."

तिच्या या बोलण्याने मला जुन्या नाशकातला आमच्या आजोळचा वाडा आठवला. तो सागवानी होता, आगीच्या दृष्टीने आजच्या फ्लॅटपेक्षा कितीतरी धोक्याचा, आणि बोळ इतका अरुंद की बंब आत येण्याची सोयच नव्हती. पण त्याला पुढचे दार होते, चौकातून माडीवर जाणारा जिना होता आणि मागे परसदार होते. आम्ही मुले लपंडावात पुढून शिरून मागून पळत असू. दोन वाटा ही कल्पना आमच्या मुलीच्या शाळेने शोधलेली नाही. ती आपल्याच घरात होती. फ्लॅटमध्ये आल्यावर आपण परसदार सोडले आणि उरलेल्या बाल्कनीला चोरांच्या भीतीने कुलूप घातले.

चोरीची भीती खोटी नाही, विशेषतः सुट्टीत घर बंद करून लोक गावाला जातात तेव्हा. म्हणून ग्रिल काढा असे कोणी म्हणत नाही. ग्रिलमध्ये माणूस जाईल एवढी, बिजागरीवर फिरणारी आणि आतून कडी असलेली झडप करावी, एवढीच मागणी आहे. तिसऱ्या मजल्यावरून कोणी उडी मारायची नसते; पण जिन्यात धूर भरला असेल तर मागचे दार बंद करून मोकळ्या हवेत उभे राहता येते, खालच्यांना आपण दिसतो आणि अग्निशमन दलाची शिडी लागली तर तिच्यावर पाय ठेवता येतो. कुलूपबंद ग्रिलच्या मागे उभे असलेल्या माणसासाठी जवानांना आधी सळया कापाव्या लागतात.

बंब आहेच, हे खरे. 101 किंवा 112 लावला की तो निघतो. पण गंगापूर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीतून तो फाटकाशी येईपर्यंतची मिनिटे घरातल्यांची असतात, आणि त्या मिनिटांसाठीच सरकारने कायदा केला आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपली आहे, आणि ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. न्यू जर्सीत छोटे घर विकताना किंवा भाडेकरू बदलताना धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइड या जळणातून निघणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूचा इशारा देणारी यंत्रे व स्वयंपाकघराजवळचे अग्निशामक नळकांडे तपासून दाखला घ्यावा लागतो. दोन्हीकडे कागद आहे. इथे तो मिळाल्याशिवाय नव्या बिऱ्हाडाला घरात राहायला जाता येत नाही, आणि मला वाटते फरक एवढाच आहे.

तरीही दाखला म्हणजे सुरक्षा नव्हे, हे मी स्वतःच्या घरावरून सांगते. आमच्याकडे मोहरी-हिंगाची फोडणी जरा जास्त झाली की धुराचा इशारा देणारे यंत्र किंचाळू लागे, म्हणून आम्ही त्याची बॅटरी काढून ठेवली होती, आणि असे करणारी अनेक भारतीय कुटुंबे मला माहीत आहेत. अमेरिकेत घरातल्या आगींत होणाऱ्या मृत्यूंपैकी पाचांतले जवळजवळ तीन मृत्यू जिथे असे यंत्र नव्हते किंवा चालत नव्हते अशा घरांतले असतात, हे वाचले त्या दिवशी आम्ही ते स्वयंपाकघरापासून दूर, निजायच्या खोल्यांबाहेर लावून घेतले. आता महिन्यातून एकदा बटण दाबून ते वाजवतो. दहा वर्षे झाली की बदलायचे असते. नाशिकच्या घरातही मी तसेच एक लावून आले आहे.

वादाच्या ओघात सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या शेकोटीचाही विषय निघाला. तो रात्री पार्किंगमध्ये खोकी आणि फांद्या पेटवतो, जवळच स्कूटर उभ्या असतात, म्हणून ती बंद करावी असे काहींचे म्हणणे आहे. बंद जरूर करावी, पण थंडीत उघड्यावर बसवलेल्या माणसाला आधी दार-खिडकीची खोली आणि चांगले ब्लँकेट द्यावे. शेकोटी हिसकावून घेतली तर तो कोळशाची शेगडी घेऊन बंद केबिनमध्ये बसेल, आणि तिथे त्याला ना धूर दिसेल ना वास येईल. कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवून दारे-खिडक्या घट्ट लावणाऱ्या घरांनाही माझे हेच कळकळीचे सांगणे आहे.

पहिला ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला, दुसरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला गेला. दादाने वाट पाहिली नाही. अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून त्याने ग्रिलमध्ये झडप करून घेतली आणि काल आईचा फोटो पाठवला. स्वेटर घातलेली आई बाल्कनीत उभी आहे, झडपेची कडी तिच्या हातात आहे आणि झडप उघडी आहे. मागे फ्रिजवर मुलीचा नकाशा दिसतो. त्यावर कोणीतरी निळ्या पेनाने दुसरा बाण काढला आहे.