वेढे बदलले म्हणून अॅम्प्लिफायर ५० मेगाहर्ट्झवर येत नाही

हौशी रेडिओचालकांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो. हीथकिट कंपनीचा जुना अॅम्प्लिफायर (प्रक्षेपणाची शक्ती वाढवणारे यंत्र) एसबी-२२०, जो ८० ते १० मीटरच्या पट्ट्यांसाठी बनला, तो ६ मीटरवर म्हणजे ५० मेगाहर्ट्झवर एका संध्याकाळात आणता येतो, असे त्यात म्हटलेले असते. ‘प्लेटची (व्हॉल्व्हच्या आउटपुट टोकाची) कॉइल काढा, तीन-चार वेढ्यांची नवी बसवा, व्हॉल्व्ह ११० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, तेव्हा बाकीच्याला हात लावू नका, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या शक्तीचे माप) चांगला आला की काम झाले.’

व्हॉल्व्हबद्दलचे विधान खरे आहे. या अॅम्प्लिफायरमध्ये दोन असलेला ३-५००झेड हा व्हॉल्व्ह ११० मेगाहर्ट्झपर्यंत पूर्ण क्षमतेने चालवता येतो. पण ती मर्यादा काचेच्या आतल्या भागाची आहे, भोवतीच्या जोडणीची नव्हे.

वेढ्यांचा हिशेबही वरवरच बरोबर आहे. दोन व्हॉल्व्ह मिळून प्लेटवर नऊ-दहा पिकोफॅरड असतात आणि त्यात शॉर्टवेव्हसाठी बनलेल्या मोठ्या ट्यूनिंग कंडेन्सरची किमान क्षमता व तारांची भर पडून एकूण ४० पिकोफॅरड झाले, तर ५० मेगाहर्ट्झवर त्यांचा अवरोध जेमतेम ८० ओहम राहतो. प्लेटचा भार सुमारे १८०० ओहम धरल्यास परिपथाचा क्यू (आत फिरणाऱ्या ऊर्जेचे बाहेर जाणाऱ्या ऊर्जेशी प्रमाण) २३च्या आसपास जातो आणि प्लेटवर २००० व्होल्ट शिखर-दाब असताना कॉइलमधून १७-१८ अँपिअर (आरएमएस) फिरतात. कॉइल लागते ती फक्त पाव मायक्रोहेन्रीची. बँडस्विचपर्यंतची (पट्टा बदलणाऱ्या स्विचपर्यंतची) आठ सेंटीमीटर साधी तारच तिच्या चौथ्या हिश्शाएवढी भरते. म्हणून स्विच वगळावा लागतो, कंडेन्सर लहान घ्यावा लागतो आणि कॉइल जाड तांब्याच्या नळीची करावी लागते.

‘बाकीच्याला हात लावू नका’ हा सल्ला मात्र सर्वांत महागात पडणारा आहे. प्लेटला डीसी पुरवून आरएफ अडवणारी कॉइल म्हणजे प्लेट-चोक. शॉर्टवेव्हच्या अशा चोकमधील अनेक वेढ्यांना आपापसांतली धारकता असते, आणि त्यामुळे काही वारंवारितांवर तो चोक अडवण्याऐवजी जवळजवळ सरळ तारेसारखा वागतो. अशी वारंवारिता ५०च्या जवळ आली, तर पूर्ण आरएफ दाब चोकवरच खर्च होऊन तो जळतो. चोक जागेवरच ठेवून त्याची दोन्ही टोके एकमेकांना जोडावीत आणि डिपमीटर (अनुनाद शोधणारा मीटर) फिरवावा. डिप म्हणजे काट्याची घसरण ५०जवळ दिसली, तर दहा मायक्रोहेन्रीच्या आसपासचा नवा चोक गुंडाळणे हाच मार्ग. प्लेटच्या तारेतील पॅरासिटिक सप्रेसर (नको ती आंदोलने दाबणारी कॉइल-रोधकाची जोडी) याच वारंवारितेवर काम करू लागतो आणि त्यातला रोधक करपतो. व्हॉल्व्हचे ग्रिडही (मधले नियंत्रक टोक) थेट चासीला न जोडता कंडेन्सरांमार्फत जोडलेले असल्याने त्यांना रुंद, आखूड पट्टीने थेट जोडणे योग्य. इनपुटच्या कॉइलही बदलाव्या लागतात. नाहीतर ड्राइव्ह (आत येणारी शक्ती) पुरेसा पोहोचत नाही आणि दोष व्हॉल्व्हला लावला जातो.

एसडब्ल्यूआरचे सांगायचे, तर तो मीटर पुढे जाणारी आणि परतणारी शक्ती दाखवतो. त्या शक्तीत हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या पटीतील नको असलेली लहर) किती, हे तो सांगूच शकत नाही. मुंबईत ५०.३५ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्याचा दुसरा हार्मोनिक बरोबर १००.७वर, आकाशवाणीच्या एफएम गोल्डवर, पडतो. अँटेनापूर्वी लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारिता अडवणारा) नसेल, तर त्या कॉइलच्या चार वेढ्यांची खबर शेजाऱ्याच्या रेडिओवर आधी लागते.