भाडं लांबणीवर टाकलं होतं, माफ केलं नव्हतं

आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी चाळीस फुटांकडे सरकायला लागलं की सांगलीत एक मजकूर फिरायला लागतो. त्यात चार विधानं असतात. 2020 च्या करोना टाळेबंदीत शासनाने थकीत भाडं माफ केलं आणि पुरातही तेच लागू आहे. भाडं थकलं तरी भाडेकरूला काढता येत नाही. मालकाची थकबाकी सरकार भरून देतं. आणि अकरा महिन्यांचा करार असेल, तर मुदत संपताच मालक कुलूप लावू शकतो. पहिल्या तिन्हींवर विसंबून भाडेकरू घर घालवतात, चौथ्यावर विसंबून मालक पोलिसांत जाऊन बसतात. म्हणून एकेक विधान तपासून घेऊ.

पहिलं, माफीचं. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने 17 एप्रिल 2020 रोजी सूचना काढली. भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि त्या काळात थकबाकीसाठी कुणाला बाहेर काढू नये, एवढंच त्यात आहे. पुढे ढकललेलं देणं देणंच राहतं. त्याआधी 29 मार्चला केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 खाली आदेश दिला होता. भाडं मागू नये, हा त्यातला भाग मजुरांपुरता आणि एक महिन्याच्या भाड्यापुरता होता. मजूर आणि विद्यार्थ्यांना खोली रिकामी करायला लावणाऱ्या मालकावर कारवाईची तंबीही त्यात होती. कुपवाड एमआयडीसीजवळच्या मजुरांच्या खोल्यांना तो लागू होता, गणपती पेठेतल्या घाऊक दुकानाला नव्हता. दुकान बंद होतं म्हणून भाडं थांबवा, ही मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2020 मध्येच खान मार्केटमधल्या एका गाळ्याच्या प्रकरणात नाकारली. अमेरिकेतली घर रिकामं करून घेण्यावरची बंदी सप्टेंबर 2020 ते ऑगस्ट 2021 अशी चालली, पण तिथेही भाडं माफ झालं नव्हतं.

मालकांनीही इथे एक हिशेब पाहावा. थकीत भाड्याच्या वसुलीची मुदत तीन वर्षं असते. सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता. म्हणजे एप्रिल 2020 च्या भाड्यासाठी तीन वर्षं 1 मार्च 2022 पासून मोजायची, आणि ती फेब्रुवारी 2025 अखेर संपली. दरम्यान भाडेकरूने थकबाकी लेखी कबूल केली असेल किंवा त्यापोटी काही रक्कम भरल्याची लेखी नोंद असेल, तरच मुदत वाढते. तोंडी वायदा धरून बसलेल्या मालकाचे पैसे गेले.

पुराचं काय? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मध्ये पूर हा शब्द खरोखर आहे. पण त्याची अट अशी, की जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला पाहिजे, किंवा ज्या कामासाठी ती घेतली त्यासाठी ती कायमची निरुपयोगी झाली पाहिजे. तसं झालं तर भाडेकरूला भाडेपट्टा सोडता येतो. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, दुकानं दिवसेंदिवस पाण्यात होती. तरी गाळ उपसून शटर पुन्हा वर गेलं, म्हणजे जागा कायमची गेली नाही. ताबा ठेवायचा आणि भाडं थांबवायचं, हे त्या कलमात बसत नाही.

दुरुस्तीचं मात्र बसतं. फुगलेली दारं, उखडलेली फरशी, जळालेलं वायरिंग यासाठी मालकाला किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. त्याने काम केलं नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 खाली भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. नोटीस न देता कापलेली रक्कम थकबाकीत धरली जाते. बहुतेकांचं इथेच चुकतं.

दुसरं विधान सगळ्यात घातक, कारण ते अर्धं खरं आहे. त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 15 नियमित भाडं देणाऱ्याला संरक्षण देतं. थकलं असेल तर मालकाने आधी लेखी मागणी करायची आणि नोटीस पोचल्यापासून 90 दिवस थांबायचं. मगच दिवाणी न्यायालयात दावा. समन्स मिळाल्यापासून भाडेकरूला पुन्हा 90 दिवस मिळतात. त्यात सगळी थकबाकी 15 टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि निकालापर्यंत भाडं वेळेवर भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावर जागा सोडण्याचा हुकूमनामा होत नाही.

आता आकडा पाहा. भाडं महिना 6,000. नोटिशीत आठ महिन्यांचे 48,000. कोर्टात पैसे भरायच्या दिवसापर्यंत पंधरा महिने झाले, म्हणजे मुद्दल 90,000. सर्वात जुना हप्ता पंधरा महिने थकलेला, शेवटचा एक महिना, असं धरलं तर व्याज 9,000. भरायचे 99,000 आणि वर खर्च. नोटिशीतला आकडा बघून 48,000 घेऊन गेलेला भाडेकरू संरक्षण गमावतो. सगळं भरून पुढचे दोन महिने विसरलेलाही गमावतो.

मालक भाडं घेतच नसेल तर ते ऑनलाइन खात्यावर टाका आणि शेऱ्यात महिना लिहा: ‘जून महिन्याचं दुकानभाडं’. नुसती रक्कम टाकली तर पुढे ती उसनवारी होती की अनामत, यावर वाद होतो. रोखीची पावती देणं कलम 31 प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे, ती मागायला संकोच करू नका.

महापालिकेचा गाळा असेल तर हे काहीच लागू नाही. शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या जागा भाडे नियंत्रण कायद्याबाहेर आहेत.

तिसरं विधान सरळ खोटं आहे. 2020 च्या सूचनेत मालकाला भरपाई नाही, पुराच्या मदतीतही थकीत भाड्याचं कलम नाही. 2019 मध्ये पूरग्रस्त कुटुंबांना ग्रामीण भागात 10,000 आणि शहरात 15,000 मिळाले. घर पूर्ण पडलेल्यांना भाड्याने राहण्यासाठी ग्रामीण 24,000, शहरी 36,000. छोट्या दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, कमाल 50,000. ही मदत राहणाऱ्याची आणि धंदा करणाऱ्याची आहे. म्हणून पंचनामा होताना भाडेकरूने तिथे हजर राहावं. कपडे, भांडी, माल यांचं नुकसान वापरणाऱ्याच्या नावावर आणि भिंतीचं मालकाच्या नावावर, असं वेगवेगळं लिहून घ्यावं. एकच नाव पडलं की दुसऱ्याला पुढे खेटे घालावे लागतात.

मालकाला खरी सवलत आयकरात आहे. न मिळालेलं भाडं उत्पन्नातून वगळता येतं. भाडेकरूने जागा सोडलेली असावी किंवा त्याला काढण्याची पावलं उचललेली असावीत, त्याच्याकडे मालकाची दुसरी जागा नसावी, आणि वसुलीसाठी कायदेशीर कारवाई केलेली असावी किंवा ती निरर्थक ठरली असती हे दाखवता यावं. नोटिशीची प्रत इथेही कामाला येते.

राहिलं कुलूप. अकरा महिन्यांचा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायच्या परवानगीचा असतो. राहण्यासाठीच्या अशा कराराची मुदत संपली की भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समोरच्याने समन्सपासून 30 दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर आदेश होतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्काने भरपाई मिळते. दुकानाला हे कलम लागत नाही. करार नोंदवलेला हवा. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार नोंदणीकृत नसतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

भाडेकरूचं सामान बाहेर काढणं, नळ बंद करणं, मीटरची वायर काढणं यातलं काहीच चालत नाही. भाडेकरूचं पाणी, वीज तोडल्यास कलम 29 मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे, आणि पुरवठा सुरू करण्याचा अंतरिम आदेश कोर्ट मालकाला न ऐकताही देऊ शकतं. कुलूप लावून ताबा घेतला असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. त्यात जागा कुणाच्या मालकीची हा प्रश्न येत नाही, काल ताबा कुणाकडे होता एवढंच पाहतात. लाईट बिल, गॅसची पावती आणि कुलपाचा तारखेसह फोटो त्याच दिवशी गोळा करून ठेवा.